ऊडनाडाटा, गिब रिव्हर की सिम्पसन : पहिल्या आउटबॅक प्रवासासाठी रस्ता निवडताना

मेलबर्न, सिडनी किंवा ॲडलेडला काही वर्षे काढली की किनारपट्टी मागे टाकून ऑस्ट्रेलियाच्या आतल्या लाल मातीत एकदा तरी जाऊन यावे, अशी इच्छा अनेक मराठी कुटुंबांत मूळ धरते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतलेली असते, तंबू असतो, जुलैच्या सुट्ट्याही ठरलेल्या असतात. अडते ते रस्ता कोणता घ्यायचा यावर. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऊडनाडाटा ट्रॅक, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशातील गिब रिव्हर रोड आणि सिम्पसन वाळवंटाची आडवी पार ही तीन नावे अशा वेळी हमखास पुढे येतात आणि बहुतेकांची निवड पाहिलेल्या छायाचित्रांवरून होते. मला ही निवड वेगळ्या कसोटीवर व्हावी असे वाटते. गाडी बंद पडली, तर तिथून पुढचे माणूस, पुढचे पाणी आणि पुढचे इंधन किती लांब आहे, हा प्रश्न आधी विचारावा. निसर्गसौंदर्य तिन्ही ठिकाणी आहे. धोक्याचे स्वरूप मात्र तिन्ही ठिकाणी अगदी निराळे आहे.

या कसोटीवर ऊडनाडाटा ट्रॅक सर्वांत उदार ठरतो. मरी ते मार्ला असा हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. मरीपासून विल्यम क्रीक साधारण २०० किलोमीटर, तिथून ऊडनाडाटा गाव पुन्हा तेवढेच आणि तिथून डांबरी स्टुअर्ट हायवेवरचे मार्लाही जवळपास तेवढेच दूर आहे. म्हणजे प्रत्येक दोनशे किलोमीटरवर इंधन, जेवण आणि बोलायला माणूस मिळतो. गाडीची मूळ टाकी भरलेली असेल तर जादा कॅनची गरज केवळ खबरदारी म्हणून पडते. विल्यम क्रीक म्हणजे एक पब, एक छोटी धावपट्टी आणि मोजकी वस्ती एवढेच आहे. तरीही दिवसभर लाल खडकाळ माळ तुडवून आल्यावर तेवढ्या वस्तीचा केवढा आधार वाटतो, हे तिथे पोचल्याशिवाय कळत नाही.

हा रस्ता इथूनच का गेला, याचे उत्तर जमिनीखाली आहे. ग्रेट आर्टेजियन खोऱ्याचे पाणी या पट्ट्यात दाबाने वर येते आणि वाळवंटाच्या कडेने झऱ्यांची एक माळच तयार होते. इथले मूळ रहिवासी असलेल्या अरबाना लोकांचे जीवन या झऱ्यांवर हजारो वर्षे उभे होते. जॉन मॅकडुअल स्टुअर्टच्या मोहिमा याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे गेल्या आणि १८६२ मध्ये त्याने खंड ओलांडला; त्याच मार्गाने १८७२ मध्ये तारायंत्राची लाइन पूर्ण झाली आणि तिच्या मागोमाग घान रेल्वे आली, जी १९८० पर्यंत या बाजूने धावत होती. आज ट्रॅकवर ब्लांश कप आणि बबलर हे झरे पाहता येतात, कॉवर्ड स्प्रिंग्सला मुक्काम करता येतो आणि नील्स नदीवरचा ५७८ मीटर लांबीचा, १८९२ मध्ये पूर्ण झालेला अल्जेबकिना पूल रूळ नसलेल्या अवस्थेत उभा दिसतो. तारेच्या आणि रेल्वेच्या बांधकामाचे सामान उंटांवरून आले. ते उंट आणि त्यांचे सारवान यांना तिथे सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, परंतु १८६६ मध्ये आलेले शंभराहून अधिक उंट कराचीच्या बंदरातून निघाले होते आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. मरीमध्ये या सारवानांच्या मशिदीच्या खुणा आजही जपलेल्या आहेत. एवढा इतिहास रस्त्याच्या कडेला उघड्यावर मांडलेला असणे मला फार मोलाचे वाटते, विशेषतः शाळकरी मुले सोबत असतील तर.

ऊडनाडाटाचा खरा शत्रू पाऊस आहे. कोरड्या हवेत उंच बांधणीची साधी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीही सावकाश हा रस्ता पार करते. पण वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर चिकण मातीचा लगदा होतो, रस्ता बंद केला जातो आणि आपण जिथे आहोत तिथेच काही दिवस थांबावे लागते. बंद फलक ओलांडून गेल्यास जबर दंड होतो आणि तो व्हायलाच हवा, कारण ओल्या रस्त्यात एका गाडीने पाडलेल्या चाकोऱ्या पुढे महिनाभर सगळ्यांना भोवतात. दुसरा त्रास अणकुचीदार दगडांचा. टायर फाटतात, म्हणून एका स्टेपनीवर न विसंबता दोन न्याव्यात. कटी थांडा–लेक आयर सरोवराचा दक्षिण भाग रस्त्यावरूनच दिसतो. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली असलेले हे पात्र बहुतेक वर्षे मिठाचे आणि कोरडे असते. अरबाना लोकांसाठी ते पवित्र असल्याने पात्रात उतरू नये. पाहायचे असल्यास विल्यम क्रीकहून छोट्या विमानाची फेरी घ्यावी.

सिम्पसनची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. पश्चिमेकडील माउंट डेअर आणि पूर्वेकडील बर्ड्सव्हिल यांच्यामध्ये फ्रेंच लाइनने गेले तर पाचशेहून अधिक किलोमीटर अंतरात ना पेट्रोल आहे, ना दुकान, ना वस्ती. वायव्येकडून आग्नेयेकडे जवळजवळ समांतर पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांची संख्या अकराशेच्या वर आहे आणि रस्ता त्यांना आडवा छेदत जातो. फ्रेंच लाइन हे नाव १९६० च्या दशकात तेलाच्या शोधासाठी ही वाट पाडणाऱ्या फ्रेंच कंपनीवरून आले. वाटेत डलहौसीच्या कोमट झऱ्यात अंघोळ करता येते, पुढे क्वीन्सलँड, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे मिळतात तो पोपेल कॉर्नर लागतो आणि बर्ड्सव्हिलच्या अलीकडे ३५ किलोमीटरवर सुमारे ४० मीटर उंचीची ‘बिग रेड’ ही टेकडी शेवटची परीक्षा घेते. या सगळ्याला चार ते पाच दिवस लागतात.

इथे हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निघू नये. डांबरी रस्त्यावर शंभर किलोमीटरला १२-१३ लिटर पिणारी मोठी डिझेल गाडी मऊ वाळूत, लो रेंजमध्ये, (म्हणजे चढासाठीच्या खालच्या गिअरमध्ये) भरल्या वजनाने २५ लिटरपर्यंत सहज जाते. ५५० किलोमीटरला याच दराने सुमारे १३८ लिटर होतात. एखादी टेकडी पाच वेळा चढावी लागेल, कुठे वळसा पडेल, हे धरून १८० लिटर तरी सोबत असावे. पाणी माणशी रोज दहा लिटर आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांचे अधिक. हे सारे वजन गाडीच्या परवानगीच्या मर्यादेत बसते का, हे वजनकाट्यावर नेऊनच पाहावे, कारण टपावर लादलेले कॅन टेकडीच्या माथ्यावर गाडी कलंडायला कारण ठरतात. टायरमधली हवा एरवीच्या ३५-४० पीएसआयवरून १५-१८ पर्यंत उतरवावी लागते आणि परत भरायला स्वतःचा कंप्रेसर लागतो. हवा न उतरवता जोर लावून चढणाऱ्या गाड्या वाळूत खड्डे पाडतात, आणि ते खड्डे मागून येणाऱ्यांना चुकवता येत नाहीत. टेकड्यांचा पश्चिमेकडील उतार सौम्य असल्याने पहिल्या खेपेला पश्चिमेकडून पूर्वेकडेच जावे. समोरच्या चढावरून येणाऱ्याला आपण दिसावे म्हणून गाडीवर उंच काठीला नारिंगी निशाण लावणे सक्तीचे आहे, आणि वाळवंटात गाड्यांनी आपसांत बोलण्याचा यूएचएफ रेडिओ दहाव्या चॅनलवर ठेवण्याची पद्धत आहे. उद्यानाचा पास आधी काढावा लागतो. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात उन्हामुळे वाळवंट प्रवाशांना बंद असते. ऊडनाडाटा गावात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, एवढे सांगितले तरी या बंदीचे कारण समजेल.

माझे स्पष्ट मत असे आहे की सिम्पसनला एकट्या गाडीने जाऊ नये आणि पहिल्या प्रवासात तर मुळीच जाऊ नये. दोन गाड्या असाव्यात, त्यांतल्या निदान एका चालकाने वाळूत रुतलेली गाडी यापूर्वी स्वतः काढलेली असावी, आणि सॅटेलाइट फोनबरोबर उपग्रहाद्वारे संकटाचा इशारा देणारे, नावावर नोंदवलेले पीएलबी यंत्र जवळ असावे. १९६३ च्या डिसेंबरमध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅकवर इंधन संपल्याने एका कुटुंबातील पाचही जण तहानेने मृत्युमुखी पडले. गाडी त्यांनी सोडली होती. आकाशातून शोधणाऱ्याला गाडी दिसते, चालणारे माणूस दिसत नाही. म्हणून काहीही झाले तरी गाडीजवळच थांबायचे, हे निघण्यापूर्वी लहान मुलांसकट सर्वांकडून वदवून घ्यावे.

गिब रिव्हर रोडचा क्रम या दोघांच्या मध्ये लागतो, मात्र धोक्याची जात बदलते. डर्बीपासून कुनुनुराकडे जाणारा हा सुमारे ६६० किलोमीटरचा रस्ता १९६० च्या दशकात किंबर्लीतल्या कुरणांवरची गुरे डर्बी आणि विंडमच्या बंदरांपर्यंत नेण्यासाठी बांधला गेला. डर्बीहून माउंट बार्नेट रोडहाउस तीनशे किलोमीटरवर आहे आणि तिथून पुढे कुनुनुरापर्यंत चारशे; मुख्य इंधनथांबा तोच, म्हणून एक-दोन कॅन लागतातच. वाळवंट बघायचे नसून पाणी बघायचे असेल, तर हाच रस्ता निवडावा. बेल गॉर्ज, मॅनिंग गॉर्ज अशा घळी, त्यांतले डोह आणि धबधबे पाहिले की सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटते. डिमालुरू म्हणजे टनेल क्रीकच्या गुहेतून पाण्यात पाय टाकत चालताना, बुनुबा लोकांचा लढवय्या जंडामारा याने वसाहतवाल्यांशी झुंज दिली आणि १८९७ मध्ये तो याच परिसरात मारला गेला, हे लक्षात ठेवावे.

तेथील नद्यांवर पूल कमी आणि उतार, म्हणजे पाण्यातूनच गाडी पार करायच्या जागा, जास्त आहेत. पेंटेकॉस्ट नदीचा रुंद उतार कोरड्या ऋतूच्या अखेरीस गुडघाभर असतो, मे महिन्यात तो गाडी थांबवून विचार करायला लावतो. इतर ठिकाणी पाण्यात आधी चालून खोली पाहावी असा सल्ला देतात. पेंटेकॉस्टला तो पाळू नये, कारण त्या नदीत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. समोरून एखादी गाडी पार होईपर्यंत थांबून तिचा मार्ग पाहणे हाच तिथला उपाय. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, रस्ता बंद असतो. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटलेल्या असतात. त्यांच्या हादऱ्यांनी टपाचे कॅरिअर, बॅटरीचे क्लॅम्प आणि शॉक ॲब्झॉर्बर सुटतात, म्हणून रोज संध्याकाळी पान्हा घेऊन नट-बोल्ट तपासण्याची सवय ठेवावी. भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांनी करारात हा रस्ता आणि पाण्याचे उतार यांना परवानगी आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. बहुतेक साध्या करारांत ती नसते आणि विमा तिथेच संपतो.

खर्चाच्या बाबतीत फरक मोठा आहे. ॲडलेडहून मरी साधारण सातशे किलोमीटर, म्हणजे स्वतःच्या गाडीने एका लांब दिवसात गाठता येते. किंबर्ली मेलबर्नहून खंडाच्या दुसऱ्या टोकाला असल्याने दोन आठवड्यांच्या रजेत तिथे गाडी चालवत जाऊन येणे शहाणपणाचे नाही. विमानाने ब्रूम किंवा डार्विन गाठून गाडी भाड्याने घेणेच परवडते, आणि ती गाडी स्वस्त नसते. खाण्याचा प्रश्न आपल्या लोकांना फारसा पडू नये. पोहे, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि डाळ-तांदूळ हे शीतपेटीवाचून टिकणारे पदार्थ आहेत. फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळे, भाज्या आणि मध तपासणी नाक्यावर काढून घेतात, म्हणून कुनुनुराच्या बाजूने आत येत असल्यास कांदे-बटाटे पलीकडे गेल्यावरच घ्यावेत.

भारतातून आलेले आई-वडील सोबत असतील, गाडी एकच असेल आणि हाताशी दहा दिवस असतील, तर ऊडनाडाटा घ्यावा. वयस्कर माणसांना रोज रात्री जवळपास माणसे आहेत एवढ्यानेही झोप लागते. मुले पोहणारी, थोडी मोठी आणि खिशाला झळ सोसण्याची तयारी असेल, तर जून ते ऑगस्टमध्ये गिब. सिम्पसनचा विचार यांपैकी एक रस्ता पार पडल्यावर, दुसऱ्या गाडीतले सोबती पक्के झाल्यावर करावा. कॅनिंग स्टॉक रूट या आणखी लांबच्या वाळवंटी वाटेचे नाव काढणाऱ्यांनी तो साडेअठराशे किलोमीटरचा आहे आणि वाटेतले इंधनही आधी सांगून ठेवावे लागते, हे ध्यानात घेऊन तूर्त थांबावे.

ऊडनाडाटा ठरला तरी निघताना दुसरा बेत तयार असावा. मरीच्या बाहेर ट्रॅकच्या तोंडाशी रस्त्यांच्या स्थितीचा फलक आहे; त्यावर ‘बंद’ दिसले तर तिथे तीन दिवस वाट पाहण्याऐवजी मागे फिरून फ्लिंडर्स रेंजेसमध्ये विल्पेना पाउंडला तळ टाकावा. मरीजवळचा कच्चा तुकडा सोडला तर तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे, डोंगर पायी चढता येतात, आणि चिखल वाळून फलक बदलला की पुन्हा मरीला यायला काही तासच लागतात.