डब्याचं झाकण मागितलं असतं तर

घराच्या रंगाच्या दोन शेडमधून एक निवडायला तीन आठवडे घालवले आणि भिंतीला लागली ती तिसरीच. ठेकेदाराने सरळसरळ फसवलं.

मी डोळे मिटून कामाला लागलो नव्हतो. दोन्ही राखाडी-बेज शेड पुठ्ठ्यावर दोन-दोन हात मारून वाळवल्या, सकाळी, दुपारी आणि पिवळ्या दिव्याखाली भिंतीला लावून बघितल्या. एकीत हिरवट झाक होती, दुसरीत पिवळसर. पिवळसर घेतली. 70 टक्के आगाऊ दिले. तुम्ही मात्र इतके देऊ नका.

काम सुरू झालं तेव्हा गॅलरीत उघडी बादली होती. काठावरून रंग ओघळलेला, डबा नाही, झाकण नाही. शेडचा नंबर आणि बॅच सहसा झाकणावर किंवा डब्यावर लिहिलेली असते. मी विचारलं, "झाकण कुठाय?" म्हणाला, "टाकलं साहेब, हात भरतात." आणि मी गप्प बसलो! ती बादली आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. वाळलेली भिंत त्याने रात्रीच दाखवली, पिवळ्या दिव्याखाली. पुठ्ठा धरला, तंतोतंत जुळला. कुणीही फसला असता. वेगळी रंगद्रव्यं वापरून जुळवलेली शेड एका उजेडात सारखी दिसते, दुसऱ्यात वेगळी पडते. सकाळी भिंत गुलाबी!

मग हिशोब केला. भिंती 420 चौरस फूट, दोन हात म्हणजे 840. लिटरला एका हाताचे 100 चौरस फूट धरले तरी साडेआठ लिटर पुरतात. बिल 18 लिटरचं. भिंती आधी स्वतः मोजा.

दुकानदार म्हणाला, रंग लावणाऱ्याला विचारा. कंपनीच्या फोनवर बॅच नंबर मागितला, म्हणजे तेच झाकण! पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर दोन तास उभा राहिलो. तिथल्या बाईंनी मोबाईलवरचा फोटो पाहिला. "दोन्ही सारखेच तर दिसतायत. आवडीनिवडीची तक्रार आम्ही घेत नाही." अहो, मोबाईलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलतो! भिंत उचलून तिथे नेऊ का? पुठ्ठा पुढे केला, त्याला हातही लावला नाही. म्हणे लेखी पुरावा आणा. म्हणून तुम्ही बिलावर शेडचा नंबर लिहून घ्या, डबा तुमच्यासमोर फोडायला लावा, रिकामे डबे काम संपेपर्यंत हलू देऊ नका.

उरलेले 30 टक्के मी दिलेले नाहीत. ठेकेदार रोज फोन करतोय, आणि माझं एकच उत्तर असतं: आधी झाकण आण.