भाडं कमी करून मिळालं म्हणून अकरा महिन्यांचं एकदम भरलं, ९०,००० रुपये गेले

लिहायला लाज वाटते, कारण घासाघीस मीच केली होती. नवऱ्याने नाही, दिरानेही नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतल्या आमच्या तळमजल्याच्या खोलीत माझ्या तीन शिलाई मशीन वाशिष्ठीच्या गाळात गेल्या. चिपळूणकरांना पुढचं सांगायला नको. तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की मला झोप लागत नाही. त्यामुळे मे २०२५ मध्ये उंचावरच्या भागात, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे असं कळल्यावर माझा जीव त्यात अडकला. भाडं ९,०००, अनामत ३०,०००. ९,००० आम्हाला झेपणारे नव्हते. मालक विरारला राहणारे, मूळचे आपल्याच तालुक्यातले. मी म्हटलं, "दादा, अकरा महिन्यांचं एकदम देते, ७,५०० करा." त्यांनी जरा आढेवेढे घेतले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपल्यातल्याच, म्हणून करतो." अकरा महिन्यांत १६,५०० वाचणार म्हणून सासूबाईंनीसुद्धा कौतुक केलं.

८२,५०० भाडं, ३०,००० अनामत, एकूण १,१२,५००. त्यातले ६०,००० भिशीचे, बाकीसाठी दोन बांगड्या पतपेढीत ठेवल्या. ६२,५०० मोबाइलवरून पाठवले. ५०,००० त्यांनी रोख मागितले, सोसायटीचं थकलंय आणि तिथे रोखच घेतात म्हणून. मी दिले. पावती मागितली नाही. तुम्ही मागा, समोरचा काकांच्या वयाचा असला तरी मागा.

आता ज्या गोष्टीने मला रात्र रात्र जाग येते ती सांगते. २५ मे ला सामान चढवलं, तेव्हा दारावर एक कागद ओरबाडून काढल्याची खूण होती. चार कोपऱ्यांना डिंक, अर्धा निळा शिक्का, आणि एका कपच्यावर "६० दिवसांच्या आत" एवढेच शब्द. मी फोन करून विचारलं. "घरपट्टीची नोटीस होती, भरली," म्हणाले. आणि मी ओलं फडकं आणि सुरी घेऊन तो डिंक स्वतःच्या हातांनी खरवडून काढला. नवीन घराचं दार घाण दिसतंय म्हणून. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या होत्या. "तुला सगळं सांगितलंय ना गो त्यांनी?" एवढंच बोलल्या. मी "हो हो" म्हणून वर निघून गेले. तिथे दोन मिनिटं थांबले असते तर! पण थांबून काय विचारणार होते? पैसे आठ दिवसांपूर्वीच गेले होते. आणि आभाळ भरून आलेलं असताना मुलाबाळांना घेऊन मी परत त्या तळमजल्यावर जायचं होतं का? शेजाऱ्यांशी बोलायचं ते पैसे देण्याआधी, हे मला आता कळतंय.

२५ ऑगस्टला, गणपतीला दोन दिवस असताना, बँकेची माणसं पोलीस घेऊन आली. मालकाने त्या फ्लॅटवर कर्ज काढून हप्ते थकवले होते. सरफेसी कायद्याची (कर्ज थकलं की बँकेला तारणाची मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस कधीच दाराला लागली होती, ताब्याची जाहिरात फेब्रुवारीतच वर्तमानपत्रात आली होती. संध्याकाळपर्यंत वेळ दिला. अर्धं मखर, मशीन, शिवायला आलेले लोकांचे ब्लाउज, सगळं टेम्पोत. टेम्पोचे ३,५०० वेगळे. तीन महिने राहिलो त्याचे २२,५०० वजा केले तर ९०,००० बुडाले. मालकाचा फोन त्या दिवसापासून बंद.

बँकेत गेले तर "तुम्ही आमच्या कर्जदार नाही." मात्र तिथल्याच अधिकाऱ्याने सांगितलं की ती नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय फ्लॅट भाड्याने देताच येत नाही. म्हणजे माझे पैसे मोजून घेताना त्या माणसाला सगळं माहीत होतं. हेच मी पोलीस ठाण्यात सांगितलं. उत्तर काय, "बाई, ही दिवाणी बाब आहे." वर गणपतीचा बंदोबस्त आहे, विसर्जनानंतर या. अनंत चतुर्दशी झाल्यावर गेले तर साहेब रजेवर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मलाच विचारलं, "एवढे पैसे एकदम दिलेच कशाला?" भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम मग कोणासाठी आहे? माझा करार ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला, नोंदणीकृत नव्हता, म्हणून निबंधक कार्यालयानेही हात झटकले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमात करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे, न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड आहे. हे कलम मी, दहावी शिकलेली बाई, त्यांना वाचून दाखवत होते आणि ते मोबाइल बघत होते.

नोंदणीला खर्च किती येणार होता? ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, माझ्या रकमेवर सव्वादोनशेच्या आत, आणि नगरपालिका हद्दीत १,००० फी. "आपल्या माणसांत कशाला?" या शब्दावर मी ते सोडलं. नोंदणीला नको म्हणणाऱ्या मालकाला तिथूनच नमस्कार करा. निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक २, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवलेल्या व्यवहारांचा उतारा, बघा, सोसायटीच्या सेक्रेटरीला कर्जाचं स्पष्ट विचारा. सूट हवी असेल तर दोन महिन्यांचं आगाऊ द्या, अकरा नाही.

वकिलांनी सुरुवातीलाच २५,००० सांगितले, ते आत्ता नाहीत. पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवलाय, पोच जपून ठेवली आहे. त्याच फ्लॅटसाठी माझ्याआधी किंवा नंतर कोणी पैसे दिले असतील तर लाजू नका, पुढे या. दोघा-तिघांच्या तक्रारी एकदम गेल्या तर पोलिसांना कागद बाजूला सारता येणार नाही.