भाडेकरू आत असताना काम काढावं, की घर रिकामं झाल्यावर?

कोल्हापुरात भाडेकरूसकट फ्लॅट घेतलाय आणि आता तोडफोड काढायची आहे. माझ्या मते निम्मा निर्णय एकाच गोष्टीवर ठरतो: घरात संडास-बाथरूम किती आहेत?

दोन असतील तर भाडेकरूला ठेवूनच एकेकाचं काम काढा. भाडं चालू राहतं. शिवाय कुठली भिंत पावसात ओल धरते, हे राहणाऱ्यालाच नेमकं ठाऊक असतं. एकच असेल तर मात्र अवघड. फरशी उखडायची, वॉटरप्रूफिंग करायचं, किमान २४ तास पाणी साठवून गळती बघायची, मग नवी फरशी. तोवर त्या माणसांनी जायचं कुठं? आत संसार असला की सामान हलवण्यातच गवंड्याचा दिवस जातो आणि मजुरी तुम्ही भरता.

रिकाम्या घरात काम झपाट्यानं उरकतं, पण भाडं बंद आणि बँकेचा हप्ता चालू. सागरमाळ, राजारामपुरीकडं विद्यार्थी राहत असतील तर परीक्षेनंतरची सुट्टी गाठा. गच्चीच्या गळतीला मात्र कुणाच्या जाण्याची वाट बघू नका. ते काम बाहेरूनच होतं आणि जूनच्या आत व्हायलाच हवं.

आता कागद. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा करार, असेल तर तुमच्या नावानं नवा करार नोंदवून घ्या. कुठलं काम, किती दिवस, त्या दिवसांचं भाडं किती सोडणार, हे त्यातच लिहा. मुदत संपत आली असेल तर सरळ थांबलेलं बरं.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या भाडेकरूचं गणित वेगळं. तिथं ‘रिकामं झाल्यावर’ हा पर्याय बहुधा कागदावरच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणं मालकाचंच काम. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून हवी असेल तर कोर्टात जावं लागतं, आणि काम झाल्यावर परत येण्याचा हक्क भाडेकरूला राहतो. कंटाळून जाईल म्हणून नळ-वीज तोडायला तर जाऊच नका, कायद्यानं त्याला बंदी आहे. इथं बोलून, लेखी संमती घेऊन, खोलीखोलीनं काम हाच रस्ता.

शाहूपुरी, दुधाळीकडं तळमजला घेतला असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. मीटर आणि स्विचबोर्ड त्या खुणेच्या वर न्यायचे तर सगळं वायरिंग उकरावं लागतं. तेवढं एक काम घर रिकामं असतानाच काढा.