क्लिअरन्स सेल की दिवाळीची सूट?

भाचीने विचारलं, "मावशी, कुर्ते लक्ष्मी रोडवरच्या क्लिअरन्स सेलमधून घेऊ, की दिवाळीच्या सवलतीसाठी थांबू?"

क्लिअरन्स म्हणजे दुकानदार उरलेला माल काढून टाकतो. त्यामुळे भाव बहुधा जास्त उतरतो, पण मापं तुटक, रंग मोजके. कुर्ता उजेडात नेऊन घडीवरचा फिकट पट्टा आणि काखेतली शिवण बघच. दिवाळीत माल नवा, सगळी मापं. सूट मात्र बेताची.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला घाबरू नकोस. माल सदोष निघाला तर परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस मिळतात. दोन्हीकडे पक्कं बिल माग.

रोज कॉलेजला घालायला क्लिअरन्समधले घे. भाऊबीजेला वहिनीला द्यायचा कुर्ता मात्र दिवाळीतच, हव्या त्या मापाचा.