सॅन फ्रान्सिस्कोतल्या घरमालकीणबाईंची ‘इथे काय बघाल’ फाइल: काही महिने वापरून झाल्यावर

भाड्याच्या घरात टेबलावर अशी एक फाइल असतेच. लोक पहिल्या संध्याकाळी ती चाळतात, वायफायचा पासवर्ड घेतात आणि मिटून ठेवतात. माझं काम काही महिन्यांचं होतं, आई सोबत होती आणि फिरायचं ते बहुतेक शनिवार-रविवारी. त्यामुळे आम्ही ही फाइल अगदी झिजेपर्यंत वापरली. गोल्डन गेट पूल, अल्काट्राझ वगैरे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर मी काही लिहीत नाही. हे लिहायला बसले ते फाइलमधल्या एका ओळीमुळे: ‘टाइल्ड स्टेप्स, घरापासून १० मिनिटं.’

आमचं घर सनसेट भागात, एन-जुडा ट्रामच्या रस्त्यावर, १९व्या अव्हेन्यूजवळ. टाइल्ड स्टेप्स, म्हणजे रंगीत टाइल्सनी सजवलेला जिना, १६व्या अव्हेन्यूवर, मोरागा स्ट्रीटच्या टोकाला. नकाशावर अंतर खरंच किरकोळ आहे. पण मोरागावर वळलं की रस्ता चढायला लागतो आणि तो चढ पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत सुटत नाही. पुढे पायऱ्या १६३. आई सत्तरीची, तिचे गुडघे दुखतात. अर्ध्या रस्त्यातच एका घराच्या कठड्याला टेकून ती उभी राहिली आणि मला त्या ‘१० मिनिटां’चा मनापासून राग आला.

फाइलमध्ये जे लिहायला हवं होतं ते असं. या पायऱ्यांवरचं रंगीत काम उभ्या बाजूला आहे. म्हणजे खाली उभं राहिलं की पूर्ण चित्र दिसतं: तळाशी समुद्र, मासे, वर जाता जाता झाडं-फुलं आणि शेवटी चंद्र-सूर्य. वरून खाली बघितलं तर नुसता काँक्रीट जिना. ज्यांना चढवत नाही त्यांनी पायथ्याशी टॅक्सीने उतरावं, निवांत बघावं आणि परत यावं, काहीही चुकत नाही. परिसरातल्या लोकांनी पुढाकार घेऊन हे काम २००५ मध्ये पूर्ण केलं. बाईंनी त्याबद्दल कौतुकाने पाऊण पान लिहिलंय, पण चढाबद्दल एक शब्द नाही.

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “इथे सगळीकडे चढच आहेत, पाहुण्यांना ते माहीत असतं.” मला हे पटत नाही. सगळीकडे नाहीत. एम्बारकाडेरोचा किनारा सपाट आहे, व्हॅलेन्सिया स्ट्रीट सपाट आहे, गोल्डन गेट पार्कमधला जेएफके प्रोमनाड हा रस्ता बराचसा सपाट आहे आणि २०२२ पासून तो गाड्यांना कायमचा बंद आहे. वयस्कर माणसाला घेऊन फिरताना या शहरात मिनिटांना अर्थ नाही. चढ किती, बसायला जागा आहे का, ट्राम कुठे मिळते, एवढंच कामाचं.

सुरुवातीचे काही आठवडे मी या फाइलला पाचपैकी दोनच गुण दिले असते. माझं मत बदललं ते जुलैत.

जुलैत सनसेटमध्ये दुपारी बारालाही धुकं असतं आणि स्वेटर काढवत नाही. समुद्राचं पाणी थंड, आतल्या खोऱ्यात कडक उन्हाळा, त्यामुळे समुद्रावरची गार दमट हवा आत ओढली जाते आणि पहिली येऊन आदळते ती आमच्या भागावर. फाइलमध्ये बाईंनी एक पान फक्त यावर लिहिलंय: खिडकीतून धुकं दिसलं म्हणून दिवस रद्द करू नका, ट्राम पकडा. एन पकडून चर्च आणि डुबोसपर्यंत जायचं, तिथे जे ट्राम घ्यायची आणि डोलोरेस पार्कला उतरायचं. मध्ये ट्विन पीक्सच्या टेकड्या येतात, त्या धुकं बऱ्यापैकी अडवतात. आम्ही स्वेटर घालून निघालो आणि पार्कात आईने स्वेटर काढून मांडीवर घेतला. उन्हात पाय पसरून ती तास-दीड तास बसली. क्लिपर कार्डावर (बस-ट्रामच्या भाड्याचं कार्ड) दोन तासांत गाडी बदलली तर दुसरं तिकीट पडत नाही, तेव्हा हे ऊन आम्हाला एकाच भाड्यात मिळालं. असं पान कुठल्याही प्रवासी पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी आहे. त्यानंतर आम्ही प्रत्येक शनिवारी आधी ते पान बघायला लागलो.

पैसे वाचवण्याच्या बाबतीतही बाई पक्क्या आहेत आणि इथे मी त्यांना पूर्ण गुण देते. जपानी टी गार्डनला सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहाच्या आत गेलं तर तिकीट नाही. कामाला जायच्या आधी आम्ही जाऊन आलो, कमानदार लाकडी पुलावर तेव्हा गर्दीही नव्हती. बंदराकडे जायला केबल कारऐवजी एफ लाइन: १९२८ च्या मिलानच्या ट्राम अजून धावतात, लाकडी बाक, आणि भाडं साध्या बसचं. ६५ वर्षांवरच्यांना सवलतीचं क्लिपर कार्ड मिळतं हेही लिहिलंय, फक्त ते आधी अर्ज करून घ्यावं लागतं. गाडीत बॅग ठेवू नका ही सूचना लाल अक्षरात आहे आणि ती खरी आहे, फुटलेल्या काचांचे तुकडे फुटपाथच्या कडेला आम्ही स्वतः पाहिले.

खाण्याचं पान ठीक. मिशन भागातला बुरिटो (पोळीत गुंडाळलेलं बीन्स वगैरेचं सारण) म्हणून भरभरून लिहिलंय, पण शाकाहारी माणसाने काय विचारायचं ते नाही. घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. अख्खे काळे बीन्स मागायचे आणि तरीही विचारून घ्यायचं.

आता पुन्हा चढावर येते, कारण केबल कार म्युझियमच्या पानावर तेच झालंय. ‘प्रवेश मोफत, जरूर बघा.’ म्युझियम खरोखर सुंदर आहे. वरच्या गॅलरीतून खाली मोठाली चाकं दिसतात, त्यांच्यावरून पोलादी दोर अखंड पळत असतो, ताशी साधारण १५ किलोमीटरच्या एकाच वेगाने, आणि रस्त्याखालून जाणाऱ्या याच दोराला धरून वरची गाडी चालते. तेलाचा वास, मोटारींची घरघर. आई तिथून हलायला तयार नव्हती. पण हे आहे नॉब हिलवर, वॉशिंग्टन आणि मेसनच्या कोपऱ्यावर, आणि खालून चालत गेलं तर छाती भरून येते. १ नंबरची कॅलिफोर्निया बस डाउनटाउनकडे जाताना क्ले स्ट्रीटवरून जाते. मेसनच्या कोपऱ्याजवळ उतरलं की एकच चौक, तोही उताराचा. ही माहिती मला नकाशात डोकं घालून काढावी लागली. फाइलमध्ये ती एका ओळीत मावली असती.

हे सगळं मी बाईंना पुन्हा सांगितलं, या वेळी कागदावर लिहून दिलं. त्यांनी टाइल्ड स्टेप्सच्या ओळीपुढे ‘खूप चढ’ असं लिहिलं. बाकीची पानं तशीच आहेत. टेकडीवरच्या कॉइट टॉवरला अजूनही ‘फिल्बर्ट स्टेप्सने जा, वाटेत बागा आहेत’ एवढंच लिहिलंय, त्या पायऱ्यांच्या चढाबद्दल काही नाही. बागा सुरेख आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी वॉशिंग्टन स्क्वेअरपाशी ३९ नंबरची बस घ्यावी, ती थेट टॉवरच्या पायथ्याशी सोडते. आत तळमजल्यावर १९३४ ची भित्तिचित्रं आहेत.