डीअमिनेज की डीकार्बोक्सिलेज?

जिवाणू ओळखताना या दोन एन्झाइमांपैकी कोणत्या एन्झाइमची चाचणी घ्यायची, हा प्रश्न. अमिनो आम्लातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा होतो तो डीअमिनेशनमध्ये. डीकार्बोक्सिलेशनमध्ये फक्त कार्बन डायऑक्साइड निघतो, नायट्रोजन अमाइनमध्येच अडकून राहतो. जिवाणूंसाठी हा दुसरा मार्ग मुख्यतः आम्लता सोसण्यासाठी असतो.

डीअमिनेजसाठीची फिनाइलअॅलानिन (एक अमिनो आम्ल) चाचणी सोपी. फिनाइलअॅलानिन असलेल्या तिरक्या अगारवर (नळीत तिरकं गोठवलेलं माध्यम) जिवाणूंची भरपूर वाढ घ्या, ३५–३७ अंशांवर १८–२४ तास ठेवा, १०% फेरिक क्लोराइडचे ४–५ थेंब सोडा. हिरवा रंग आला की प्रोटियस, मॉर्गनेला किंवा प्रॉव्हिडेन्सिया. मात्र १–५ मिनिटांतच वाचा, रंग लवकर उडतो. पुण्यातल्या डिसेंबरात नळ्या टेबलावर ठेवून भागत नाही, इन्क्युबेटर हवाच.

लायसिन डीकार्बोक्सिलेज जास्त खोडकर. मोलर ब्रॉथमध्ये (रंगदर्शक असलेलं द्रव माध्यम) १% लायसिन हे अमिनो आम्ल, वर सुमारे १ सेंमी निर्जंतुक पॅराफिन तेल, आणि लायसिन नसलेली जोडनळी. ग्लुकोज आंबताना ब्रॉथ आधी पिवळा होतो. तिथेच ‘निगेटिव्ह’ लिहिणं ही नेहमीची चूक. जांभळा रंग, म्हणजे ‘पॉझिटिव्ह’, यायला ४ दिवसही लागतात. तेल विसरलं तर हवेमुळे पृष्ठभागी अल्कली तयार होऊन खोटा जांभळा येतो. जोडनळीही जांभळी झाली, तर निकाल बाद.

प्रोटियस गट ओळखायचा तर पहिली पुरे. साल्मोनेला आणि सिट्रोबॅक्टर वेगळे करायला मात्र दुसरीच लागते. नियंत्रणासाठी खात्रीचे वाण पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहात मिळतात.