छोटा यूएसबी मीटर: घ्या, पण एमएएच बघायला नको

दोन बोटं रुंदीचा हा मीटर पॉवर बँक आणि फोनच्या मधे लावायचा. पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, एमएएच आणि वॉट-तास दिसतात. बहुतेकांची नजर एमएएचवर जाते आणि मग ठरलेली तक्रार येते: "पॉवर बँक 20000 ची, मीटर दाखवतो 12600. दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय." माझ्याकडेही नेमका हाच आकडा आला. खोटं कोणीच बोलत नाही.

एमएएच (मिलिअँपिअर-तास) हे विद्युत प्रभाराचं माप आहे. 1 एमएएच म्हणजे 3.6 कूलोम, 20000 चे झाले 72000 कूलोम. त्यातल्या प्रत्येक कूलोमबरोबर किती ऊर्जा येते ते व्होल्टेज सांगतं: 1 व्होल्ट असेल तर 1 ज्यूल. नुसते एमएएच सांगणं म्हणजे हमालाने पोती किती वाहिली ते सांगायचं, कितव्या मजल्यावर नेली ते गाळायचं. आतले लिथियम सेल साधारण 3.7 व्होल्टचे, म्हणजे एकूण ऊर्जा 74 वॉट-तास. पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरात हा आकडा छापलेला असतो, पुढे मात्र 20000 ठळक. बाहेर 5 व्होल्ट द्यायला आतलं सर्किट व्होल्टेज चढवतं आणि त्या बदल्यात प्रभार कमी देतं. वर थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. माझ्या मीटरवर 63 वॉट-तास आले. 74 मधून 63, म्हणजे सुमारे 85 टक्के. पॉवर बँक ठीक आहे.

मग तीच पॉवर बँक 9 व्होल्टच्या फास्ट चार्जिंगवर रिकामी केली. एमएएच 6900 वर आले! वॉट-तास 62. म्हणून म्हणतो, वॉट-तासच बघा. विमानात पॉवर बँक न्यायची 100 ची मर्यादासुद्धा वॉट-तासातच असते.

मीटरचा खरा उपयोग मला केबल तपासताना झाला. एका लांब, बारीक केबलच्या अलीकडे 5.1 व्होल्ट, पलीकडे 4.7, करंट दोन्हीकडे 2 अँपिअर. जितके कूलोम आत शिरले तितकेच बाहेर पडले, तारेने एकही ठेवून घेतला नाही. पण प्रत्येकामागे 0.4 ज्यूल तारेतच गेले, म्हणजे 0.8 वॉट फुकट. "चार्जर स्लो आहे" म्हणून ज्याला मी नावं ठेवत होतो, तो बिचारा निर्दोष निघाला. केबल टाकून दिली.

खटकलं ते बटण. पडदा बदलायला आणि आकडे शून्यावर आणायला एकच. जरा जास्त दाबलं की रात्रभराची नोंद साफ. व्होल्टेज चार दशांश स्थळांपर्यंत दाखवण्याचा थाटही उगाच, शेवटचे दोन आकडे नुसते नाचत असतात. इअरबड्ससारख्या कमी करंट घेणाऱ्या वस्तूंना तर हा सरळ शून्य दाखवतो.

घ्यायचाच असेल तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेला घ्या. जुन्या चपट्या पोर्टचा (यूएसबी-ए) मधे आला की पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरचं फास्ट चार्जिंग) चालतच नाही.